फौजीभाऊ जिना चढून आले तेव्हा

त्या नवरात्रात मी देवीसमोर हात जोडत होतो, पण तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. बायको गरोदर होती. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती. आईनं नवस बोलून पाण्यावर उपास धरला आणि उपासात चालत नाही म्हणून बीपीच्या गोळ्याही बंद केल्या. न फोडलेलं पाकीट मी देव्हाऱ्याशेजारी पाहिलं होतं. मी शिक्षक माणूस, मला कळत नव्हतं असं नाही. पण नवस मोडला आणि या खेपेलाही काही झालं तर? मी पाकीट तिथंच राहू दिलं.

उदगीरला आमच्या घराखालीच फौजीभाऊंचं मेडिकल होतं. लढाईत सुरुंगावर एक पाय गेला, मग शिकून त्यांनी दुकान टाकलं. नकली पायावर दिवसभर काउंटरला उभे राहत, पण जिना म्हटलं की नको म्हणत. म्हणून आई दर आठवड्याला गॅलरीतून दोरीनं पिशवी सोडायची आणि ते गोळ्या ठेवून ओरडायचे, "मावशी, ओढा! दारूगोळा आला!"

एका संध्याकाळी आरती चालू असताना आईला भोवळ आली. भिंत धरून ती कशीबशी खाली बसली. "डोकं लई ठणकतंय," म्हणाली. दवाखान्याचं नाव काढलं तर घट सोडून उठायला तयार नाही. तेवढ्यात जिन्यावर तो नकली पाय वाजला. दारात फौजीभाऊ, घामानं भिजलेले.

"पिशवी खाली आली न्हाई. म्हणलं, मावशी रुसली का काय!" मग तिचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "गोळ्या?"

"नवरात्र हाय बाबा."

"आन् मास्तर, तुम्हाला ठावं होतं?" त्यांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं.

मी मान खाली घातली. त्यांनी पुढं विचारलं नाही. ते जमिनीवर बसले. नकली पाय दुमडत नव्हता, तो देवीकडं होऊ नये म्हणून मोठ्या कष्टानं वळून बसले. सोबत आणलेली गोळी विड्याच्या पानावर ठेवून त्यांनी घटाला दाखवली.

"मावशी, माझा पाय गेला तवा मीबी देवीचा उपास धरला होता. गोळी थुकून दिली. शेजारच्या खाटेवरचा जवान म्हणला, ज्या आईनं तुला जिवंत ठेवलं, तिच्याशीच भांडतो व्हय रे? घ्या. आता ह्यो परसाद हाय."

"मेल्या, लई वकिली शिकलास," म्हणत आईनं तोंड उघडलं. मग ती दवाखान्यात जायलाही उठली. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढं मुलगी सुखरूप झाली. कशाचं फळ, ते मी ठरवत नाही. जिना टाळणाऱ्या माणसाला नेमकं त्याच वेळी कोणी वर पाठवलं, हेही विचारत नाही.

फौजीभाऊ यंदा गेले. त्यांना खांदा देऊन आलो आणि इतक्या वर्षांनी आईला पाकिटाचं सांगून टाकलं. ती वाती वळत होती.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तू बघितलंस ते मी बघितलं होतं. रोज वाटायचं, आता म्हणशील, आई, गोळी घे."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं हात फिरवला, वातीचा कापूस माझ्या केसांना लागला. देवीपुढं मी आता काही मागत नाही, नवसही बोलत नाही. तिनं सोपवलेली माणसं सांभाळतो, आणि बाकीचं तिच्यावर सोडतो.