मंजुश्रीचं वय

ठाणाकुशनूरच्या चंद्रभागाबाई बीदरच्या एका बालगृहात मुलींना सांभाळायला लागल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. पाच वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना भावाच्या दारात आणून सोडलं. संस्थेचे चिटणीस रेवणप्पा भावाच्या ओळखीचे होते. त्यांनी नोकरी दिली, राहायला खोली दिली. मुली त्यांना अक्का म्हणायच्या. वीस-पंचवीस मुलींच्या वेण्या, उवा, ताप, भांडणं यांत बाईंची वर्षं गेली, आणि कुणी विचारलं असतं तर बरी गेली असंच त्यांनी सांगितलं असतं.

तेरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पोलिसांनी एक मुलगी आणून सोडली. भालकीच्या बसस्टँडवर ती दोन दिवस एकटीच फिरत होती. नाव मंजी एवढंच सांगायची, म्हणून संस्थेनं मंजुश्री लिहिलं. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलायची. बाईंनी तिला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, तेव्हापासून तिनं त्यांच्या लुगड्याचा पदर जो धरला तो तीन दिवस सोडला नाही. बाई पाणी भरायला गेल्या तरी पदर हातात.

तिसऱ्या दिवशी कागद करायला अधिकारी आले. मुलीला वय विचारलं. तिनं उजव्या हाताची पाचही बोटं पसरून दाखवली. अधिकाऱ्यांची मान कागदात होती. त्यांनी बाईंना विचारलं, कितीची असेल? बाईंना नियम ठाऊक होता. सहाच्या आतलं लेकरू इथं ठेवत नसत, कलबुर्गीच्या शिशुगृहात पाठवत. बाईंनी पदर धरलेल्या त्या मुठीकडं पाहिलं आणि सात म्हणून सांगितलं. डॉक्टरांनीही वर वर पाहून तेच लिहिलं. एक जूनला सात वर्षं पूर्ण, अशी जन्मतारीख पडली.

पुढं शाळेत ती रांगेत कायम सगळ्यांत पुढं, कारण सगळ्यांत बुटकी. मास्तर म्हणायचे, पोर कुपोषित आहे. बाई ऐकून घ्यायच्या आणि तिच्या ताटात जास्तीची भाकरी वाढायच्या. तिचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा कागदावर ती आठ वर्षं उलटून गेलेली होती. दात हातात घेऊन ती नाचत आली. पहिला दात सहाच्या सुमाराला पडतो, हे बाईंना ठाऊक होतं. आता जाऊन सांगावं, असं त्या दिवशी एकदा मनात आलं. पण सांगितलं तर पोरगी जाईल आणि नोकरीही जाईल, असं वाटून तो दिवस गेला, आणि मग सांगायची वेळ गेली असंच त्यांनी धरून टाकलं.

मंजुश्री हुशार निघाली. दोन वर्षांनी मोठ्या मुलींबरोबर शिकूनही दहावीला पहिल्या वर्गात आली. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला गेली आणि त्याच जूनमध्ये कागदावर अठराची झाली. अठरा झालेल्या मुलीला शिक्षण संपेपर्यंत वेगळ्या निवासात ठेवायची सोय सरकारनं केलेली आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, मागं लागावं लागतं. रेवणप्पांनी तो त्रास घेतला नाही. त्यांच्याकडं औरादकडच्या एका गावातून स्थळ आलं होतं. धनराज नाव, एकोणतीस वर्षांचा, किराणा दुकान, निर्व्यसनी. मुलीचं भलं होतंय, असं रेवणप्पा मनापासून म्हणत होते.

मंजुश्री बाईंच्या खोलीत येऊन बसली. मार्चमध्ये परीक्षा आहे, तोवर तरी थांबवायला सांग, म्हणाली. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं. बाईंनी रेवणप्पांना तेवढं विचारलं. ते म्हणाले, परीक्षा सासरहून देईल की. एका वाक्यात हे लग्न मोडलं असतं आणि ते वाक्य बाईंजवळच होतं. ते गिळून त्यांनी पोरीला समजावलं, माणसं चांगली हायत, ऐक. मार्गशीर्षात लग्न झालं. हळद बाईंनीच लावली.

परीक्षा काही झाली नाही. मार्चच्या आधीच तिला दिवस गेले होते.

सातव्या महिन्यात तिला झटके आले. औरादहून बीदरच्या दवाखान्यात आणलं, तोवर बाळ पोटातच गेलं होतं. धनराजनं फोन केला आणि बाई चपला कशा घातल्या तेही न कळता दवाखान्यात पोचल्या. दोन दिवस मंजुश्री शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध आली, आणि दुपारी धनराज औषधं आणायला खाली गेला असताना तिनं बाईंना हाक मारली.

"अक्का, डॉक्टरीणबाई सारख्या वय इचारायल्यात. एकोणीस सांगितलं तर मान हलवायल्यात. मी खरी किती वर्साची हाव?"

बाईंना अजूनही खोटं सांगता आलं असतं. पलंगाची लोखंडी कड धरून त्या उभ्या होत्या.

"सतरा," त्या म्हणाल्या. "तू आली तवा पाच बोटं दाखिवली व्हतीस. मीच सात सांगितले."

"कामून?"

"तुला कलबुर्गीला नेऊ न्हाई म्हनून. माझ्याजवळ ऱ्हावं म्हनून."

मंजुश्रीनं तोंड त्यांच्याकडं वळवलं. मग म्हणाली, "आन् लग्नाच्या वक्ताला? तवा तरी बोलायचं व्हतं."

बाईंना भीती वाटली, एवढं एक खरं होतं, पण त्या पलंगासमोर ते तोंडातून निघेना.

दवाखान्यातून त्या थेट बालकल्याण समितीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या बाईंना सगळं सांगितलं. लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. चंद्रभागाबाईंना मराठी जेमतेम लिहिता यायचं, कानडी तेवढंही नाही. दीड पान लिहायला उरलेली दुपार गेली. खाली सही करताना त्यांना हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

हाडांची तपासणी झाली. वय सतराच्या आसपास, म्हणजे लग्नाच्या वेळी सोळा. कर्नाटकच्या कायद्यानं असं लग्न लग्नच नव्हे. मंजुश्रीला समितीनं आपल्या ताब्यात घेऊन दुसऱ्या निवासात ठेवलं. बाईंना कामावरून काढलं, त्या भावाकडं परतल्या. रेवणप्पांचीही चौकशी लागली. एवढ्या वर्षांची संस्था तुम्ही मातीत घातली, एवढंच ते बाईंना बोलले. पण धनराजवर गुन्हा दाखल झाला, आणि असं होईल हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याची आई ठाणाकुशनूरला, बाईंच्या भावाच्या घरी आली. आरडाओरडा केला नाही. उंबऱ्यात बसून म्हणाली, "कागद बघूनच सून केली व्हती आमी. कागद खोटा निघाला, त्यात माझ्या लेकाचा काय गुन्हा?"

बाईंनी धनराजच्या बाजूनंही साक्ष द्यायचं कबूल केलं. त्याच्या वकिलानं सांगितलं की त्यानं फारसा फरक पडणार नाही. तरी प्रत्येक तारखेला त्या कोर्टात जातात. त्याची आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते. केस अजून चालू आहे.

मंजुश्रीला भेटायची परवानगी मिळाली तेव्हा पहिल्यांदा तिनं भेट नाकारली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वह्या घेऊन व्हरांड्यात येऊन बसली. अंगावर मांस आलं होतं, केस कापलेले होते. कागद नवे झालेत, म्हणाली. जन्मवर्ष दोन वर्षांनी पुढं गेलंय. ती पुन्हा पीयूसीची परीक्षा देणार होती, आणि निवासाच्या बाईंनी अठरानंतरच्या राहण्याचा अर्ज आत्ताच भरला होता.

मग तिनं विचारलं, शिशुगृहातल्या लेकरांचं काय होतं? हा प्रश्न येणार म्हणून बाईंनी आधीच चौकशी केली होती. मंजुश्री आली त्या वर्षी तिथली चार लेकरं दत्तक गेली होती. दोन बेंगळुरूला, एक पुण्याला, एक हैदराबादला. त्यांनी जे कळलं होतं ते सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही.

"मग मला बी कुनी नेलं असतं," मंजुश्री म्हणाली.

"नेलं असतं."

आतून अभ्यासाची घंटा झाली. मंजुश्री उठली. पुढच्या महिन्यात येऊ का, असं बाईंनी विचारलं. परीक्षा हाय, ती म्हणाली, आणि वह्या गोळा करून आत गेली. येऊ नको असं काही ती म्हणाली नाही. बाई भेटणाऱ्यांच्या वहीत परत निघाल्याची वेळ लिहून ठाणाकुशनूरवरून जाणाऱ्या औरादच्या गाडीसाठी स्टँडकडं चालू लागल्या.