काका भागीदार होते का

वडील गेल्यावर भावाने अकोल्यातलं बिछायत केंद्र विकायला काढलं. मंगल कार्यालयं आता सगळं सामान स्वतःचंच ठेवतात. स्वयंपाकाचे मोठे गंज, गाद्या, कनाती भाड्याने नेणारी गिऱ्हाइकं खेड्यांतली तेवढी उरली होती. घेणारा मिळाला. त्याच्या वकिलाने एकच गोष्ट विचारली: धंद्यात वडिलांशिवाय आणखी कोणी भागीदार होतं का? असेल, तर विक्रीच्या कागदावर त्याचीही सही लागेल.

मी अमरावतीला वर्तमानपत्रात नोकरी करतो. रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. पुढच्या खोलीत आई, भाऊ, वकील आणि काका बसले होते. काका म्हणजे वडिलांचे मित्र, नात्याने कोणी नाहीत. दोघांनी मिळून पहिली कनात शिवून घेतली तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. पाटीवर आणि परवान्यावर नाव मात्र एकट्या वडिलांचं होतं.

वकील सभ्य होते. पाटीवर नाव नाही म्हणून माणूस भागीदार नाही असं होत नाही, हे त्यांनीच सांगितलं. लेखी करारही नसला तरी चालतो. पाहायचं ते एवढंच, की तोटा कोण सोसत होतं आणि दुसऱ्याला न विचारता धंद्याच्या वतीने शब्द कोण देऊ शकत होतं.

मला माहीत होतं ते मी सांगितलं. आषाढ लागला की लग्नं थांबत. त्या दिवसांत हमालांना खुराकीपुरते पैसे मिळत. वडील आणि काका काहीच घेत नसत. काका तेव्हा दुसऱ्याच्या वावरात मजुरीने डवरणीला जात. एकदा उन्हाळ्यातल्या वावटळीत मूर्तिजापूरकडचा आमचा मांडव कोसळला. काकांनी तिथल्या तिथे मुलीच्या बापाला सांगितलं, भाडं घेणार नाही, संध्याकाळपर्यंत दुसरा मांडव उभा करतो. वडिलांना दुसऱ्या दिवशी कळलं. ते म्हणाले, "त्यानं सांगतलं ना? मंग झालं."

"यावरून तर भागीदारीच दिसते," वकील म्हणाले. वकिलांनी काकांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"मी का सांगू? वयनीले विचारा. तिनं दोघायलेबी पाह्यलं हाय."

सामान जुनं होतं, वाटा फारसा निघणार नव्हता. काकांना त्या कागदावर सही करायची होती. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. चष्मा पिशवीतून काढून मांडीवर ठेवला होता.

"हे का इचारनं झालं?" आई म्हणाली. "तो का परका हाय? घरचा मानूस हाय तो. माह्या सख्ख्या देरानं केलं नाही तेवढं यानं केलं."

"म्हणजे भागीदार होते, असं लिहू?"

आईला ते लागलं. "भागीदार काहून? भागीदार परके असतेत. वाटे मागतेत, भांडतेत. यानं कधी मागतला का वाटा?"

तिने हे अभिमानाने सांगितलं. तिच्याजवळ याहून मोठा मान नव्हता.

वकिलांनी काकांकडे पाहिलं.

"वयनी म्हंते तसंच हाय," काका म्हणाले.

"आई, ते विचारून राहिले ते वेगळं हाय," मी म्हणालो.

"काकाच नाही म्हणून राहिले," भाऊ म्हणाला. "तू काहून वाढवून राहिला?"

वकिलांनी लिहून घेतलं: कुटुंबाचे स्नेही, धंद्यात मदत करीत. खाली आईची आणि आम्हा दोघा भावांची सही झाली. काकांनी चष्मा पिशवीत ठेवला. आई म्हणाली, "पिठलं केलं हाय, जेवून जा."

"जेवून आलो मी."

आमच्या घरी काकांनी असं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर ते आले नाहीत. काही दिवसांनी अकोटला मुलीकडे राहायला गेले. आईने दोनदा निरोप पाठवला. फोनवर ती मला विचारायची, "म्या तं त्याले चांगलंच म्हटलं ना रे?" मी हो म्हणायचो. ते खरंही होतं.

गेल्या हिवाळ्यात मी एसटीने अकोटला जाऊन काकांना भेटलो. ते अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते. मुलीने चहा आणला. शेजारची बाई कुंपणापाशी आली आणि माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "हे कोन?"

"बाबा अकोल्याले ज्यायच्याकडे कामाले होते ना, त्यायचा पोरगा," मुलगी म्हणाली.

काकांना नीट ऐकू येतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. बशी माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "चहा घे. थंडा होऊन राहिला."