खापऱ्याची तिसरी मोजणी

उदगीरजवळच्या आमच्या माळावर गंगम्मा चाळीस वर्षं गवत कापते. चार बोटं धसकट ठेवून कापायचं, मुळाला विळा लावायचा नाही, हा तिचा शिरस्ता. कुणी बुडातून कापलं, तर ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

याच माळावर खापऱ्या राहतो. खापराच्या रंगाचा, बिनपंखी नाकतोडा. तो जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं कॉलेजच्या मंजुश्री मॅडम म्हणाल्या तेव्हा मी हसलो होतो. मी इथला निवृत्त पोस्टमन. गावात असं काही असतं तर आधी मला कळलं असतं, अशी माझी घमेंड.

मॅडमना तीन पावसाळे मोजणी करायची होती. पहिल्या वर्षी एकेचाळीस सापडले, दुसऱ्या वर्षी अकरा. तिसऱ्यांदा सापडले तर खापऱ्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीत जाणार आणि माळ वाचणार होता. नाहीतर मुरमाची खाण ठरलेली. पायथ्याशी जेसीबी येऊन उभाही होता, आणि गंगम्मा येता-जाता त्याच्याकडे बघून थुंकायची.

दुसऱ्या मोजणीत मॅडमच्या चपलेतून धसकट आरपार पायात घुसलं. गंगम्माने स्वतः हळद भरली. आपणच ठेवलेलं धसकट पोरीला लागलं, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

फाल्गुनात माळावर धूर दिसला. गवत पेटवायची रीत इकडे आहेच, म्हणून मी चहा संपवला आणि पेपर उलटला. त्याची मला आजही लाज वाटते.

श्रावणात मॅडम आल्या. माळ हिरवागार होता, पण पावलापुढे एकही उडी पडेना. चार दिवस शोधलं. गंगम्माने दगड न दगड उलटून पाहिला. शेवटी मॅडम खाली बसल्या आणि नव्या गवताखालची काळी राख त्यांनी बोटावर घेतली.

"अक्का, यंदा धसकटं कुठं गेली?"

"जाळली की! तुझ्या पायासाठी. समद्या माळावर एकबी ठिवलं न्हाई."

मॅडमनी राखेचं बोट गवताला पुसलं.

"अंडी त्या धसकटांतच असतात, अक्का. मी आधीच सांगायला हवं होतं."

मॅडमनी तिसऱ्या मोजणीचा फॉर्म भरला. गंगम्माला लिहिता-वाचता येत नाही. तरी ती वाकली आणि रकान्यातल्या त्या एकट्या गोलावर तिने बोट ठेवलं.

"हे पुसता येतंय का, पोरी?"