नळाचं पहिलं पाणी

आमच्या आळीत कुणाला काही पटवायचं म्हणजे कातळावर डोकं आपटायचं. गळती काढायला रस्ता खणला तेव्हा जांभ्यातून नळाचा एक राखाडी, मऊ पाइप वर आला. कुणीतरी खिळ्यानं ओरखडा काढला, तर आत लख्ख चकाकलं. मासे धरायच्या जाळ्याच्या दोरीला बांधतात तेच शिसं! सगळ्यांनी वाकून पाहिलं, "अरे वा" म्हटलं, खड्डा बुजला आणि मंडळी आपापल्या घरी चहाला गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले, कारण सुनेला दिवस गेले होते. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, की शिसं पोटातल्या बाळाला बाधतं आणि पाणी उकळून ते जात नाही.

सुनेसाठी मी पाण्याचे जार सुरू केले आणि पाइप बदलून मागायला घरोघर सह्या गोळा करत हिंडले. एक म्हणाले, "आमचे आजोबा हेच पाणी पिऊन नव्वदीला टेकले." दुसऱ्यांना नुकतं पडलेलं डांबर पुन्हा उकरलं जाईल याची काळजी, तीही गणपती तोंडावर आलेले असताना. एकांनी सही केली, पण पहिलं नाव आपलं नको म्हणाले. बाळापेक्षा डांबर मोठं! मी प्रत्येक दारात तेच सांगत होते, की रात्रभर पाइपात साचलेलं पाणी सगळ्यात वाईट, निदान पहिलं पाणी तरी जास्वंदीला घाला. माझ्या सासूबाईंनी तर सगळ्यांच्या आधी मान डोलावली होती.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेलं की साहेब मीटिंगला, नाहीतर खेडला. खेटे घालून चपला झिजल्या तेव्हा कुठे उत्तर मिळालं, "आधी पाण्याचा नमुना तपासू." आमचं घर आळीच्या टोकाला, म्हणून नमुना आमच्याच नळाचा घ्यायचं ठरलं. मी बजावलं होतं, सकाळी या, नळ उघडायच्या आत. आणि नवल म्हणजे नमुना घेणारा माणूस खरंच वेळेवर आला. घर सापडावं म्हणून मी खाली पाखाडीच्या पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले आणि त्याला वर घेऊन आले. त्यानं बाटली भरली, सासूबाईंच्या हातचे पोहे खाल्ले आणि गेला.

अहवाल घ्यायला गेले तर टेबलामागचे गृहस्थ हसून म्हणाले, "तुमच्याच घरचं पाणी आहे, काकू. अगदी स्वच्छ. आता सबंध आळीचे पाइप काय म्हणून काढायचे?" परत येताना ओट्या-ओट्यावरून विचारणा, "झालं का समाधान?" रागानं मला रडूच फुटायचं बाकी होतं.

घरी पोचले तेव्हा सासूबाईंचा नैवेद्य नुकताच दाखवून झाला होता. अहवाल ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"स्वच्छ येणारच गो! सरकारी माणूस दारात यायचा, त्याच्यापुढं गढूळ पाणी धरायचं? त्या दिवशी तू त्याला आणायला खाली गेलीस तसा मी नळ सोडला. चांगला धो धो वाहू दिला. तोटीसुद्धा चिंचेनं घासून ठेवली."

मी घाईनं विचारलं, "आणि पहिलं पाणी? ते तरी जास्वंदीला घातलंत ना?"

"अगो, पहिलं पाणी देवाचं. कुणाचा हात न लागलेलं. ते काय झाडाला ओतायचं? कळशीत भरलं, रोजच्यासारखं."

रोजच्यासारखं! सगळ्या आळीला मी शहाणपण शिकवलं आणि माझ्याच दिव्याखाली अंधार. एवढ्यात सून आतून आली आणि सवयीनं देवासमोर हात पुढे करून उभी राहिली. सासूबाईंनी कळशीतलं पाणी फुलपात्रात ओतलं.

"हे काय?" मी ओरडलेच.

"तीर्थ. तुझं ते जारचं पाणी मेलं निर्जीव. पोराला बळ यायला नको? फुलपात्रभर देते तिला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून."

मी फुलपात्र हिसकावून घेतलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण कचेरीत गिळलेलं सगळं त्या म्हातारीवर निघालं. रात्रभर पाइपात मुरलेलं पाणी ते हेच, एवढं मात्र सासूबाईंना कळलं. सून हात तसाच पुढे धरून आमच्या दोघींकडे बघत होती.

 मग ज्या कळशीला मी आंघोळीशिवाय बोटही लावलेलं सासूबाईंना चालत नसे, ती त्यांनी देवापुढून उचलली आणि बाहेरून आलेल्या, पायसुद्धा न धुतलेल्या माझ्या हातात दिली.

"आजचं पहिलं पाणी आहे यात," त्या म्हणाल्या. "हे ने त्या कचेरीतल्यांकडे. आणि विचार त्यांना, बाळाला काही होईल का म्हणून."