मुद्देमाल निरंक

पवनीच्या एका धाडीतून आम्ही रिकाम्या हातानं परतलो होतो. ती आठवली की आजही मला हसू येतं. नाव कुणाचंच लिहीत नाही.

मी तिथं ठाणेदार होतो. अड्याळकडची एक बाई कपड्यांची पिशवी घेऊनच ठाण्यात आली. "साहेब, माहा नवरा पुन्हा जुगार खेळून राहिला. दर मंगळवारी पवनीच्या एका हातमागाच्या शेडात दार लावून बसते. इचारलं तर बोलत नाही. धाड टाका, नाहीतर मी चालली कोंढ्याले, माहेरी."

मंगळवारी दुपारी दोन पंच घेऊन आम्ही शेडचं दार ढकललं. आठ-नऊ माणसं चटईवर गोल बसलेली; तिघांना मीच पूर्वी जुगारात पकडलेलं. अंगझडती घेतली. पत्ते नाहीत, सट्ट्याची चिठ्ठी नाही. पंचनाम्यात लिहिलं, 'मुद्देमाल निरंक'. तरी तिच्या नवऱ्याला चौकशीला आणलं; तीही पिशवी घेऊन ठाण्यात येऊन बसली.

"तिथं काय चालतं?"

"बसतो साहेब."

"कशाला?"

मान खाली. गप्प बसणारा दोषीच, असा माझा पक्का समज. मी आवाज चढवला.

तेवढ्यात शेडातली सगळी माणसं ठाण्यात हजर. पुढे एक म्हातारा विणकर. "त्याले रागवू नका. एकमेकाचं बाहेर सांगायचं नाही, असं आमचं ठरलं हाये. मी जुगारी, साहेब. सुटावं म्हणून जमतो. एखाद्याले खेळाची तलफ आली का तो दुसऱ्याले फोन करते, अन् तो हातचं काम टाकून येते. माहं मी सांगतलं. त्याचं तो सांगल."

नवरा हळूच म्हणाला, "दिवाळीपासून पत्त्याले हात नाही लावला."

बाकावर बसलेली बायको ताडकन उठली. "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"कितीदा तुही शपथ घेतली अन् मोडली. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

ती रडली, मग रडता रडता हसली आणि पिशवी त्याच्या हातात कोंबली. "धर हे. घरी चाल." आधी विणकर हसला, मग आमचे हवालदार, मग मी.

माझ्या धाडीत सापडलेले जुगारी दंड भरून पुन्हा डावावर बसत. वर्दीच्या धाकानं सवय सुटलेला एकही मी पाहिला नाही. त्या दिवशी मात्र सुटू पाहणारी माणसंच एकमेकांना धरून उभी दिसली. पुढे जुगारात कुणी सापडला, की कागदपत्रं उरकून मी त्याला शेडचा पत्ता द्यायचो. काही शिव्या देत गेले, काही खरंच तिथं गेले.

अजूनही मंगळवारी पवनीला गेलो तर तिथं डोकावतो. चटईवर नवा माणूस दिसला, की जुने सरकून त्याला जागा करून देतात.