पळसपानांचा माणूस

शेवंताबाई गेल्याचा निरोप चामोर्शीच्या आठवडी बाजारात आला, तेव्हा मी धानाच्या पोत्यावर बसून सौदा करत होतो. सौदा पुरा केला, मगच उठलो. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत. थोरल्या बहिणीशी मी पाच वर्षं बोललो नव्हतो…

तिचा नवरा महादेव एकाहत्तरच्या लढाईवर गेला. घरी आला तो एक कागद : 'बेपत्ता'. मेला असं नाही, जिवंत असंही नाही. फौजेच्या कचेरीत तिला घेऊन मी किती खेटे घातले! पोती वाहता वाहता व्यापारी झालेला माणूस मी; समोरच्याकडून काहीतरी काढतोच. तिथल्या बाबूकडून मात्र 'चौकशी चालू आहे' यापुढे एक शब्द निघाला नाही. हरवलेला माणूस शोधायचा सोडून ते आमच्या अर्जातल्या चुका शोधत.

बारा वर्षं झाली तसे सासरचे उठले. इतकी वर्षं न परतलेल्याचा पळसपानांचा पुतळा करून जाळायचा, ही रीत. मी तिच्या थोरल्या दिराशी सौदा केला : पुतळा जाळा, पण महादेवच्या वाट्याच्या शेतातल्या धानाच्या बांध्या बाईच्या नावावर करा. तो कबूल झाला. इतका चोख सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही. बाईला विचारायचं तेवढं राहिलं.

वैनगंगेच्या काठी पुतळा निजवला होता. बाई आली, उभ्या उभ्या त्याला न्याहाळलं.

"एवढासा? माया माणूस दारातून वाकून येत होता. कोणाले जाळून राह्यले तुमी?"

"बारा वर्सं झाली, बाई. आता तरी मान," दीर म्हणाला.

ती खाली बसली. दोरे सोडून पानं वेगळी केली आणि काड्या टोचून चक्क पत्रावळी लावायला घेतल्या. "जेवाले आले ना सारे? मंग जेवा याच्यावर!" पहिली पत्रावळ माझ्यापुढे टाकली. "तू त सौदा केला ना रे, तू आधी बस."

सारा गाव बघत होता. बांध्या गेल्या, माझा शब्द गेला, आणि ती मरेपर्यंत दुसऱ्यांच्या चिखलात रोवणी करत राहिली. तो राग माझा अजून उतरलेला नाही. मेली म्हणून मी तो सोडणारही नाही.

बाईला माती दिल्यावर ग्रामसेवकाने मृत्यूची वही उघडली आणि तिच्या नवऱ्याच्या नावाआधी सवयीने 'कै.' लिहिलं.

"खोड ते," मी म्हणालो.

"काऊन भाऊ? आता का तो येनार हाये?"

"ते मले नको विचारू. सरकारले सतरा वर्सांत सांगता आलं नाई, तुले कोणी सांगतलं?"

त्याने खोडलं.

हल्ली पंचायतीत काम निघालं की मी ते पान उघडायला लावतो. "तेच पान किती डाव पाह्यता, भाऊ?" ग्रामसेवक वैतागतो. मी त्या खोडलेल्या 'कै.'वर बोट ठेवून बसतो, पान उलटू देत नाही…