धुऱ्याची खूण

रोज सकाळी चहाआधी शालिकराम मागच्या दारी जायचे, नळाच्या ओट्याला टाच लावायचे आणि तिथून पेरूच्या झाडापर्यंत पावलं मोजत चालायचे. एकवीस. बावीस भरली तर परत फिरून पुन्हा मोजायचे. मगच आत येऊन कपाला हात लावायचे.

शकुबाईंना वाटायचं, फौजेतली सवय. माणूस वीस वर्षं पलटणीत राहिला की काही ना काही अंगाला चिकटवून आणतोच. कुणी पहाटे चारला उठून घर उठवतो, कुणी चादरीला सुरकुती पडू देत नाही. यांचं हे. भूपेंद्र लहान होता तेव्हा बापामागून तोही पावलं टाकत जायचा आणि त्याची चाळीस व्हायची. शेजारपाजारचे हसायचे. शालिकराम हसायचे नाहीत.

साकोलीच्या बाजूच्या खेड्यातला, धानाच्या बांध्यांत वाढलेला हा माणूस. फौजेत इंजिनिअरांच्या पलटणीत होता: पूल टाकायचे, रस्ते मोकळे करायचे, सुरुंग पेरायचे आणि काढायचे. हवालदार होऊन घरी आले, मग भिलाईच्या प्लांटात लागले आणि साठी भरल्यावर तिथूनही सुटले. सेक्टर 2 मधला क्वार्टर लीजवर घेतलेला. बोलणं मोजकं. शेजारची छत्तीसगढी बाई शकुबाईंना थट्टेनं विचारायची, "तोर घरवाला गोठियाथे घलो के नइ?" बोलतो तरी का गं तुझा नवरा? शकुबाई म्हणायच्या, महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी.

वर्षातून एक दिवस मात्र ते बोलायचे. भाऊबीजेला भिलाईतल्याच रुआबांध्याहून कलावती यायची. कलावतीचा नवरा दयाराम त्यांच्याच पलटणीत, शेजारच्याच गावचा. दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सरहद्दीवर सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. कलावती भावाच्या आधारानं भिलाईला आली, शिलाई मशीन घेतली, पोरगी शिकवून नांदायला पाठवली. शालिकरामांना ती ओवाळायची. बावीस वर्षांत एकही भाऊबीज चुकली नव्हती.

दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात सगळीकडे युद्धाचंच बोलणं होतं. टीव्हीवर नकाशे, बाण, विमानं. भाजीवालाही कांदे तोलता तोलता सांगायचा, कुठून घुसायचं ते. अशातच भाऊराव घरी आले. हे सेक्टर 6 मधल्या मराठी मंडळाचे सचिव, एका नेत्याच्या उठण्याबसण्यातले. मंडळानं माजी सैनिकांचा सत्कार ठरवला होता. नेते येणार होते. बागेत एक शिळा बसवायची होती, भिलाईतल्या मराठी घरांतून लढाईत कामी आलेल्यांच्या नावांची. शालिकरामांनी दोन मिनिटं बोलायचं होतं. काय बोलायचं ते भाऊरावांनी टाइप करूनच आणलं होतं: आम्ही आजही तयार आहोत, आदेश द्या.

शालिकरामांनी कागद वाचला आणि विचारलं, दयारामचं नाव शिळेवर आहे का. भाऊराव जरा अवघडले. समितीनं फक्त युद्धातले शहीद घ्यायचं ठरवलंय म्हणाले. दयाराम अपघातात गेला. युद्ध तर झालंच नव्हतं त्या वर्षी.

"हाव," शालिकराम म्हणाले. "युद्ध नाही झालं."

दुसऱ्याच दिवशी कलावती आली. तिला नावाचं कळलं होतं. ती शकुबाईंशी न बोलता थेट शालिकरामांसमोर बसली. तिनं समितीकडे अर्ज केला होता. ते म्हणाले होते, सोबत असलेल्या कुणी सांगावं काय झालं, मग बघू. सोबत असलेला एकच माणूस भिलाईत होता.

"शालिकभाऊ, तुमी संगं होते. तुमी उभं राहून सांगा. माह्या माणसाचं नाव दगडावर पायजे, बस."

शालिकरामांनी मान डोलावली. पण ती गेल्यावर ते जेवले नाहीत. शकुबाईंनी दोनदा ताट झाकून ठेवलं.

बुधवारी ब्लॅकआउटची तालीम होती. साडेसातला भोंगा झाला आणि सेक्टरभर दिवे गेले. सूनबाई हर्षानं पडदे ओढले. भूपेंद्र मोबाइल छातीशी धरून आत बसला. शकुबाई आणि शालिकराम व्हरांड्यात होते. कुठंतरी कुत्री भुंकत होती आणि कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, बत्ती बंद करो भाई. त्या पंधरा मिनिटांत शालिकरामांनी बायकोला जे सांगितलं, ते त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

सुरुंग पेरले की त्यांचा नकाशा करावा लागतो. नकाशा एका खुणेपासून सुरू होतो. खूण अशी हवी की वर्षांनंतरही जागची हलणार नाही. मैलाचा दगड, विहीर, देवळाचा कोपरा. त्या खुणेला टेप लावायची, दिशा धरायची, आणि मग पहिली ओळ, दुसरी ओळ. काढायला येणारा त्याच खुणेवरून मोजत येतो. फौज सरहद्दीवर नेली आणि सुरुंग पेरले, त्या रात्री वाळूत अशी काहीच खूण नव्हती. उजाडायच्या आत काम उरकायचा हुकूम होता. शालिकरामांना दोन शेतांचे धुरे, म्हणजे बांध, एकमेकांना मिळतात तो कोपरा दिसला. साहेबांना त्यांनी तोच दाखवला. साहेबांनी सही केली.

"आपल्याकडं धुरा कधी हालते का वं?" ते अंधारात म्हणाले. "आज्याच्या टाइमचा धुरा नातू पायते. कोर्टकचेऱ्या होतात, पन धुरा तिथंच राह्यते. मले वाटलं, याच्यापेक्षा पक्की खूण कोनती."

पण तो वाळूचा धुरा होता, वर काटेरी फांद्या टाकलेला. उन्हाळ्यात तिकडे वावटळी सुटल्या. दहा महिन्यांनी फौज मागं घ्यायचं ठरलं, सुरुंग काढायला पलटण परत त्या जागी आली, तेव्हा धुरा होता. तसाच दिसत होता. फक्त पाच-सहा हात सरकलेला होता. टेप तिथूनच लागली. जी पट्टी मोकळी म्हणून धरली, तिच्यात दयाराम पाय टाकत गेला.

दिवे आले तेव्हा शकुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. त्यांना मागच्या दारची पावलं आठवत होती, एकवीस.

मग घरात चार दिवस नुसती घुसमट. शकुबाईंचं म्हणणं सरळ होतं. स्फोटात गेला, हुकमावर गेला, एवढं सांगा, नाव येईल. धुऱ्याचं सांगून कुणाचं भलं होणार? कलावतीला भाऊ उरायचा नाही. शालिकराम ऐकून घ्यायचे. भूपेंद्रला धुऱ्याचं ठाऊकच नव्हतं, त्याची भीती वेगळी होती. बाप मंचावर भलतंच बोलेल ही.

"बाबा, माहौल गरम है अभी. जे लिहून दिलं तेच वाचा ना. दो मिनट की तो बात आहे."

"वाचता येते मले," शालिकराम म्हणाले.

रविवारी पाचला मंडळाचा हॉल भरला. पंखे गरगरत होते. पहिल्या रांगेत नेते, त्यांच्यामागं शाली घेतलेले माजी सैनिक, तिसऱ्या रांगेत कलावती. ठेवणीतलं पातळ नेसून, फोटो पर्समध्ये घेऊन आली होती. शकुबाईंनी तिच्या शेजारी बसायचं टाळलं आणि मग तिथंच जाऊन बसल्या. दुसरी जागा नव्हती. नेत्यांचं भाषण झालं. टाळ्या, घोषणा. एकानं सांगितलं, गरज पडली तर भिलाईतून घरटी एक पोरगा देऊ. त्याचा स्वतःचा पोरगा पुण्यात कंपनीत होता, हे हॉलातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. टाळ्या तरी झाल्याच.

शालिकरामांनी कागद खिशातून काढला, मंचावरच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

"आमी दहा महिने सरहद्दीवर उभे होतो," त्यांनी सुरुवात केली. "लढाई झाली नाही. चांगलंच झालं. पन उभं कावून केलं, हे आमाले कोनी सांगितलं नाही, अन् मागं कावून आनलं, हेबी नाही. दिल्लीत ठरलं, पेपरात आलं, मग वरून दिवस बांधून आले का इतक्या दिवसात जमीन मोकळी करा. काढता काढता किती मानसं गेले, ते ज्यायनं उभं केलं त्यायनं विचारलं नाही. ते कोन्या पक्षाचे होते, ते मी सांगून नाही राहिलो. उद्या दुसरे राहतीन. तुमी आज म्हनून राहिले, पोरायले धाडा. धाडा. पन किती दिवसासाठी अन् कायच्यासाठी, हे आधी त्याच्या मायले सांगा."

हॉलात कुजबुज उठली. पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं, हवालदारसाहेब, ही वेळ आहे का हे बोलायची. भाऊराव हसतच उठले, माइककडं हात केला. तेवढ्यात शालीवाल्यांतून बाबाराव उभे राहिले. सत्तरी उलटलेले नायब सुभेदार, एका पायानं लंगडे.

"भाऊराव, माइक सोड. मी श्रीलंकेहून हा पाय घेऊन आलो तवा मलेबी कोनी विचारलं नोतं. बोलू दे त्याले."

भाऊरावांचा हात तसाच राहिला. शकुबाईंनी मनात म्हटलं, आता बसा. झालं. एवढंच पुरे. शालिकराम बसले नाहीत.

"दयाराम त्या कामात गेला. तो हुकमावर होता. त्याचं नाव शिळेवर पायजे. अपघात म्हनता, तर तो अपघात माह्या हातचा आहे. नकाशाची खूण मी धरली होती. वाळूचा धुरा धरला. सरकला तो. चूक माही होती, दयारामची नोती."

नेते मोबाइलमध्ये पाहत होते. कलावती उठली, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेली. शकुबाई मागं धावल्या. फाटकाशी ती थांबली होती, रिक्षाला हात करत.

"वहिनी, तुमाले ठाऊक होतं?"

"बुधवारपासून," शकुबाई म्हणाल्या.

"मी बावीस वर्षं ओवाळलं त्याले." ती रिक्षात बसली आणि रुआबांधा म्हणाली.

पुढचे दिवस वाईट गेले. कुणीतरी भाषणाचा पहिला अर्धा भाग मोबाइलवर फिरवला. बाजारात एका पोरानं विचारलं, चाचा, किस साइड के हो? मंडळाच्या ग्रुपवर काय काय आलं. हर्षा वाचायची आणि सासऱ्याच्या हातात फोन जायच्या आत पुसून टाकायची. भूपेंद्र आठ दिवस बापाशी बोलला नाही. मग एका सकाळी स्वतःच दुकानातून बापाचा पेपर घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि ड्यूटीला गेला. ऑगस्टमध्ये शिळा बसली. दयारामचं नाव नव्हतं. बाबाराव त्या कार्यक्रमाला गेले नाहीत. इकडे येऊन शालिकरामांशी पत्ते खेळत बसले. दोघंही हरल्यासारखे खेळत होते, असं शकुबाई म्हणाल्या, तर बाबाराव म्हणाले, "पत्त्यात कोनीतरी जिकाच लागते, वहिनी."

शालिकराम खंगत चालले. डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्या बदलल्या. व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना ते मधेच थांबायचे आणि थांबलो नाही असं दाखवायचे.

सप्टेंबरातल्या एका दुपारी कलावती आली. ओवाळायला नाही, वार साधाच होता. पिशवीत अर्जाचे कागद होते. ती आल्या आल्या खुर्चीसमोर बसली, पाणीही घेतलं नाही.

"त्या दिवशी मंडळात तुमी सगळं सांगितलं?" तिनं विचारलं.

शकुबाई दारात होत्या. त्यांना वाटलं, आता हे नाही म्हणतील आणि काही शिल्लक राहणार नाही. किंवा हो म्हणतील, आणि ते त्याहून वाईट.

"नाही," ते म्हणाले. "टेप लावताना दयाराम म्हनला होता. म्हने, शालिक, हा धुरा मले जागेवर दिसत नाही. तोबी धानवालाच, त्याची नजर बसली होती. मी म्हटलं, धुरा कुठं जाते बे, धर टेप."

कलावतीनं डोळे मिटले. हर्षा स्वयंपाकघरात भांडं धूत होती, ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"मंजे त्याले समजलं होतं," कलावती अखेर म्हणाली.

"हाव. त्याले समजलं होतं."

"मंग हेच लिहून द्या. त्याले समजलं होतं, असंच लिहा. तुमी हवालदार, तुमाले नाही समजलं, त्याले समजलं."

तिनं पिशवीतून कोरा कागद काढला. शालिकरामांनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. खूण, धुरा, टेप, दयाराम काय म्हणाला, आपण काय म्हणालो. खाली नाव, हुद्दा, पलटणीतला नंबर. कलावतीनं तो अक्षर लावत दोनदा वाचला, घडी घातली, पिशवीतल्या दयारामच्या फोटोमागं ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ती उठली तेव्हा शकुबाई चप्पल पायात घालत होत्या. रिक्षाच्या थांब्यापर्यंत तिला सोडून त्या परत येईपर्यंत शालिकराम खुर्चीतच गेलेले होते, चष्मा तसाच डोळ्यांवर.

त्या दोघी निघताना त्यांनी खुर्चीतूनच बायकोला हाक मारली होती.

"अवं, टाकीकडून नको नेऊ तिले. पाइपासाठी तिकडं खोदून ठेवलं आहे. शाळेकडून ने."